संवर्धित मांसाचा बाजार: परवानग्या मोजण्याआधी लिटरमागे किती ग्रॅम निघतं ते पाहू

मोजपट्टी

डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने कोंबडीच्या पेशी वाढवून केलेल्या मांसाला विक्रीची परवानगी दिली. जून २०२३ मध्ये अमेरिकेत अपसाइड फूड्स आणि गुड मीट यांना परवानगी मिळाली, जानेवारी २०२४ मध्ये इस्रायलने अलेफ फार्म्सच्या गोमांसाला हिरवा कंदील दाखवला आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात व्हाव कंपनीच्या लावा पक्ष्याच्या पेशींना मान्यता मिळाली. उलट बाजूला इटलीने २०२३ च्या अखेरीस बंदी घातली, फ्लोरिडा आणि अलाबामाने २०२४ मध्ये. ही यादी वाचून कोणी म्हणतं बाजार उसळी घेतोय, कोणी म्हणतं फुगा फुटला. माझ्या मते दोघंही चुकीच्या जागी बघताहेत. परवानगीने दुकानाचं दार उघडतं, पण फळीवर माल किती येणार हे पेशी वाढवण्याच्या टाकीत ठरतं.

म्हणून हा धागा फक्त टाकीबद्दल. सुरुवातीला एक हिशेब देतो, तो धरून बोलू.

प्राण्याच्या एका पेशीचं ओलं वजन साधारण ३ नॅनोग्रॅम धरा. १ किलोला सुमारे ३३ हजार कोटी पेशी लागतात. साध्या ढवळत्या टाकीत मिलिलिटरला १ कोटी पेशी ही चांगली घनता मानतात. म्हणजे १ लिटरमधून ३० ग्रॅम, आणि १ किलोसाठी ३३ लिटर मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रव माध्यम. मीडियम लिटरला १ डॉलरने मिळालं तरी किलोमागे ३३ डॉलर नुसत्या खाद्याचे झाले. वीज, पगार, टाकीचं भांडवल हे सगळं त्यावर.

गोठवलेल्या एका कुपीत १ कोटी पेशी असतात. तिथून १ किलोपर्यंत जायला फक्त १५ वेळा दुप्पट व्हायचं असतं. २४ तासांना एक दुप्पट धरली तर पंधरा-सोळा दिवस. कागदावर हे फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात कुठे अडतं ते ज्यांचा ज्या टप्प्याशी संबंध आहे त्यांनी लिहावं.

जाळीदार

सुरुवात पेशीपासूनच करू, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

स्नायूचा छोटा तुकडा घेतात, बारीक चिरतात, कोलॅजिनेज या विकराने तंतू मोकळे करतात, मग आधी १०० आणि नंतर ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळतात. खाली येतो तो मिश्र माल: सॅटेलाइट पेशी (स्नायूच्या मूळपेशी), फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी), रक्तपेशी, थोड्या चरबीच्या पूर्वपेशी. वेगळं करायची एक स्वस्त युक्ती अजून सगळे वापरतात. मिश्रण कोऱ्या प्लॅस्टिकवर तासभर ठेवायचं. फायब्रोब्लास्ट पटकन चिकटतात, सॅटेलाइट पेशी तरंगत राहतात. वरचा द्रव हलक्या हाताने उचलून कोलॅजन किंवा लॅमिनिनचा लेप दिलेल्या फ्लास्कमध्ये घालायचा. एकदा केलं की पुरत नाही, दोनतीनदा करावं लागतं.

इथे नवख्यांची हमखास होणारी चूक अशी की फ्लास्क पूर्ण भरू देतात. इतर पेशींना ते चालून जातं, सॅटेलाइट पेशींना नाही. त्या एकमेकींना टेकल्या की जुळून लांब नळ्या होतात, आणि नळी झालेली पेशी पुन्हा कधीच विभागत नाही. ६०-७० टक्के भरताच पुढच्या फ्लास्कमध्ये न्यायच्या. रविवारची सुट्टी आली म्हणून एक दिवस उशीर केला तर सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली लांबच लांब नळ्या दिसतात आणि त्या खेपेची वाढायची ताकद संपलेली असते.

दुसरी मर्यादा वयाची. ताज्या काढलेल्या पेशी काही डझन दुपटींनंतर थकतात, आणि स्नायूपण त्याआधीच उतरू लागतं. म्हणूनच बाजारात आलेली कोंबडीची उत्पादनं बरीचशी फायब्रोब्लास्टवर उभी आहेत. कोंबडीचे फायब्रोब्लास्ट न थकणारे होतात आणि त्यांना तरंगत वाढायची सवय लावता येते. चवीसाठी स्नायू हवा हे खरं, पण टाकीला फायब्रोब्लास्ट आवडतो.

कणीकोंडा

प्रश्न विचारतो, कारण वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात तो असणार. ‘न थकणारी पेशी’ म्हणजे कर्करोगाची पेशी खाणं नव्हे का?

जाळीदार

@कणीकोंडा, प्रश्न रास्त आहे. सारखेपणा एवढाच की दोन्ही पेशी विभागणं थांबवत नाहीत. पण अशी पेशी शरीराबाहेर, ३७-३९ अंशांत, मोजून दिलेल्या खाद्यावरच जगते. काढणीनंतर थंड करताना आणि धुताना ती मरते, शिजवताना तिची प्रथिनं गोठतात, आणि उरलेलं पोटातलं आम्ल व पाचकरस तोडतात. दुसऱ्या प्राण्याची मेलेली पेशी खाऊन गाठ होण्याचा मार्ग नाही.

नियामक तपासतात ते वेगळं: पहिल्या बँकेतली (गोठवून ठेवलेल्या साठ्यातली) पेशी आणि पन्नासाव्या दुपटीनंतरची पेशी एकसारखी आहे का, गुणसूत्रं स्थिर आहेत का, विषाणू नाहीत ना, नको ते प्रथिन नव्याने बनत नाही ना. २०२३ मध्ये एफएओ आणि डब्ल्यूएचओ यांनी मिळून धोक्यांची यादी केली, तीत ५३ संभाव्य धोके आले. त्यातले बहुतेक नेहमीच्या अन्नातही असणारेच आहेत: जंतू, ॲलर्जी, रसायनांचे अंश. काळजी करायचीच तर ॲलर्जीची करा. पेशींना चिकटून वाढायला आधार म्हणून सोया किंवा गहू वापरला असेल तर तो वेष्टनावर ठळक हवा.

आम्लारि

आता मोजपट्टींच्या ३३ लिटरांत काय असतं ते.

पाया स्वस्त आहे: ग्लुकोज, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं, सोडियम बायकार्बोनेट. महाग भाग वर येतो. जुनी पद्धत १० ते २० टक्के गर्भसीरमची, म्हणजे गाईच्या गर्भाच्या रक्तातून पेशी काढून उरलेल्या द्रवाची. १० टक्क्यांनी धरलं तरी किलोमागे ३.३ लिटर सीरम. गाईच्या एका गर्भातून मिळतं जास्तीत जास्त अर्ध्या लिटरच्या आसपास. म्हणजे १ किलो मांसासाठी सहासात गर्भ. नीती बाजूला ठेवली तरी हे गणित कुठेच बसत नाही, त्यामुळे सीरममुक्त माध्यमाशिवाय बाजार हा शब्दच उच्चारता येत नाही.

सीरमऐवजी नेमके घटक मोजून घालतात. मूळपेशींसाठीचं जे आठ घटकांचं प्रसिद्ध माध्यम आहे त्यात लिटरला इन्शुलिन सुमारे २० मिलिग्रॅम, ट्रान्सफेरिन सुमारे १० मिलिग्रॅम, वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनांपैकी एफजीएफ-२ फक्त ०.१ मिलिग्रॅम आणि टीजीएफ-बीटा त्याच्याही पन्नासाव्या हिश्शाइतका. वजनात नगण्य असलेले शेवटचे दोघे बिलाचा बहुतेक भाग खातात, कारण ते औषधी शुद्धतेने मायक्रोग्रॅमच्या मापात विकले जातात.

त्यात एफजीएफ-२ उष्णतेत टिकत नाही. ३७ अंशांत त्याचा जोर एका दिवसात ओसरतो, म्हणून रोज घालावा लागतो. बदललेल्या अमिनो आम्लांचे टिकाऊ प्रकार आता आहेत, ते आठवडाभर काम देतात. रोजची मात्रा वाचते आणि टाकी उघडण्याचे प्रसंगही वाचतात. मला दुसरा फायदा पहिल्याहून मोठा वाटतो.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने २०२२ मध्ये गाईच्या सॅटेलाइट पेशींसाठी अशाच आठ घटकांच्या माध्यमात अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाची भर घालून माध्यम प्रसिद्ध केलं. अल्ब्युमिन लिटरला ०.८ ग्रॅम. ३३ लिटरांना गुणा: किलोमागे २६ ग्रॅम अल्ब्युमिन! एफजीएफचा मिलिग्रॅमचा प्रश्न सुटतो तोवर ग्रॅमचा उभा राहतो. पुढे त्यांनीच मोहरीवर्गीय रेपसीडच्या प्रथिनाने अल्ब्युमिनची जागा भरून दाखवली. तेलाच्या पेंडीतून निघणारं प्रथिन हेच इथलं भविष्य, असं माझं ठाम मत आहे. अडचण एकच: वनस्पतीच्या प्रथिनात खेपेगणिक फरक पडतो. प्रत्येक नवी गोणी आधी छोट्या फ्लास्कमध्ये तीन पिढ्या चालवून पाहिल्याशिवाय मोठ्या टाकीजवळ नेऊ नये. पहिल्या पिढीत सगळंच चांगलं वाढतं, कारण पेशी जुन्या माध्यमातली शिदोरी घेऊन आलेली असते.

रवीदोर

टाकीबद्दल मी लिहितो.

पहिली अडचण: स्नायूपेशीला चिकटायला पृष्ठभाग लागतो. टाकीत तो मायक्रोकॅरिअरने देतात, १०० ते ३०० मायक्रॉनचे मणी, लिटरला ३ ते ५ ग्रॅम. मण्यामागे पाच ते दहा पेशी पेरायच्या. पेरणीनंतर लगेच सलग ढवळलं तर पेशी चिकटतच नाहीत. न ढवळता ठेवलं तर मणी तळाशी बसतात आणि खालचे कोरे राहतात. म्हणून पहिले काही तास दोनतीन मिनिटं मंद ढवळणं, मग अर्धा तास विश्रांती, असं आलटून पालटून. नंतर सलग, पण जेमतेम मणी तरंगतील एवढ्याच वेगाने. वाढवायचं असेल तेव्हा कोरे मणी टाकायचे आणि पुन्हा थांबत-थांबत ढवळायचं, म्हणजे पेशी भरल्या मण्यावरून कोऱ्यावर उड्या घेतात. चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन या विकराने सोडवायचा एक टप्पा वाचतो.

बिघडतं ते बहुतेक वेळा गुठळ्यांनी. चौथ्या-पाचव्या दिवशी पंधरावीस मणी एकत्र घट्ट चिकटतात आणि आतल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही. वेग वाढवून गुठळी फोडायचा मोह टाळा, वेगाने गुठळी फुटण्याआधी बाहेरच्या पेशी खरवडून निघतात. कोरे मणी वेळेत घालणं हाच उपाय. मणी खाण्याजोगे, म्हणजे जिलेटिन किंवा पेक्टिनचे असतील तर काढणीत वेगळे करायची कटकटही नाही.

दुसरी अडचण हवेची. फुगा पृष्ठभागावर फुटतो तेव्हा त्याला चिकटलेली पेशी फाटते. ते टाळायला लिटरला १ ग्रॅम पोलोक्सामर, म्हणजे पेशीला फुग्यांपासून जपणारं रसायन, घालतात. पण खरा गुंता कार्बन डायऑक्साइडचा. बारीक फुगे ऑक्सिजन छान देतात, मात्र वर येईपर्यंत कार्बन डायऑक्साइडने भरून जातात, त्यामुळे तो बाहेर काढू शकत नाहीत. उंच टाकीत तळाचा दाब जास्त, तिथे तो आणखी साठतो. साठला की पीएच ७.२ च्या खाली येतो. यंत्रणा आपोआप अल्कली सोडते. अल्कलीने क्षार वाढतात आणि ३०० च्या आसपास असलेली ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या पदार्थांची दाटी) ४०० कडे सरकते. पेशी आकसतात, दुप्पट व्हायला २४ ऐवजी ४० तास घेतात. पडद्यावर मात्र पीएच सरळ रेषेत! छोट्या २ लिटरच्या भांड्यात हे कधीच दिसत नाही, २,००० लिटरला गेल्यावर दिसतं. उपाय म्हणजे दोन प्रकारचे स्पार्जर, अर्थात वायूचे फुगे सोडणाऱ्या नळ्या: बारीक छिद्रांचा ऑक्सिजनसाठी, मोठ्या छिद्रांचा कार्बन डायऑक्साइड हाकलण्यासाठी. आणि पीएचबरोबर रोज एकदा ऑस्मोलॅलिटी मोजणं.

तिसरी गोष्ट पेशींच्या स्वतःच्या कचऱ्याची. ग्लुकोज जास्त दिलं की लॅक्टेट वाढतो, ग्लुटामिन जास्त दिलं की अमोनिया. लॅक्टेट २० मिलिमोलरच्या पुढे आणि अमोनिया ५ च्या पुढे गेला की वाढ खुंटते. काही पेशी अमोनियाला २ वरच कुरकुरतात. ग्लुटामिनच्या जागी ग्लुटामेट किंवा टिकाऊ डायपेप्टाइड वापरा, ग्लुकोज एकदम न ओतता थेंबाथेंबाने द्या.

निर्जंतुक

रवीदोर, सगळं पटलं. पण टाकी मोठी करण्यातली सगळ्यात महाग गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत.

आपली पेशी दिवसाला एकदा दुप्पट होते, जंतू वीस मिनिटांत. एकच जंतू शिरला तर दहा तासांत तीस दुपटी, म्हणजे शंभर कोटींच्या वर. आपल्या पेशी त्या वेळात निम्म्याही वाढलेल्या नसतात. औषधाच्या कारखान्यात एक खेप फेकली तरी उरलेल्या खेपांची किंमत ती भरून काढते. मांसाच्या किमतीत तेवढी जागाच नाही. प्रतिजैविकं घालून हा प्रश्न झाकायचा नाही, उत्पादनाच्या टाकीत ती नकोतच.

जंतू शिरतो कुठून? माध्यमातून क्वचित, ते ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आलेलं असतं. शिरतो तो ओ-रिंगमधून (जोडाच्या रबरी कडीतून), नमुना घेण्याच्या तोटीतून, आणि नळीच्या ज्या आंधळ्या फाट्यात वाफ पोचत नाही तिथून. १२१ अंशांवर अर्धा तास वाफ दिली असं नोंदवहीत असतं, पण तो आकडा टाकीतल्या तापमापकाचा. फाट्याच्या टोकाला पाणी साचलं असेल तर तिथे १२१ कधी झालेलंच नसतं. आंधळा फाटा नळीच्या व्यासाच्या दुपटीहून लांब नको, उतार निचऱ्याकडेच हवा, आणि वाफेनंतर दाब भरून टाकी तासभर तशीच ठेवून दाब उतरतो का पाहायचं. दाब उतरला तर पेरणी रद्द. इथे दया दाखवली की पाचव्या दिवशी हजारो लिटर ओतून द्यावे लागतात.

बाहेर जाणाऱ्या हवेचा फिल्टर हाही नेहमीचा गुन्हेगार. फेस वर चढतो, फिल्टर ओला होतो, आतला दाब वाढतो, सुरक्षा झडप उघडते आणि निर्जंतुकपणा संपतो. फिल्टरआधी कंडेन्सर आणि फिल्टरभोवती ऊब देणारं वेष्टन, दोन्ही लावा.

संसर्ग ओळखायला गढूळपणाची वाट पाहू नका. आधी विरघळलेला ऑक्सिजन घसरतो, नियंत्रक ऑक्सिजनचा पुरवठा झपाट्याने वाढवतो, तासाभरात पीएचही खाली येतो. पेशींची मागणी इतक्या तीव्र चढाने कधीच वाढत नाही. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जंतू मात्र यातलं काहीच दाखवत नाही. तो ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो, माध्यम स्वच्छ दिसतं, फक्त वाढ मंदावते. त्याला ०.१ मायक्रॉनचा फिल्टर आणि प्रत्येक बँकेची, प्रत्येक खेपेची पीसीआर चाचणी.

शंभर_मायक्रॉन

आतापर्यंत सगळं पेशींच्या लगद्याबद्दल झालं. लोकांना हवा असतो तुकडा.

रक्तवाहिन्यांशिवाय ऑक्सिजन ऊतीत १०० ते २०० मायक्रॉनच शिरतो. त्याहून जाड थर केला की मधला भाग मरतो. माझ्या नावाचं कारण हेच. म्हणूनच २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टचे संशोधक मार्क पोस्ट यांनी लंडनला जो बर्गर दाखवला तो अखंड तुकडा नव्हता. सुमारे २०,००० बारीक स्नायूपट्ट्या वेगवेगळ्या वाढवून एकत्र दाबल्या होत्या. खर्च अडीच लाख युरो. त्यात चरबी नव्हती, आणि रंगासाठी बीट व केशर घालावं लागलं, कारण भरपूर ऑक्सिजनमध्ये वाढलेल्या पेशी मायोग्लोबिन, म्हणजे मांसाला लाल रंग देणारं प्रथिन, फारसं करत नाहीत.

जाडी वाढवण्याचे मार्ग आहेत. सोयाच्या सच्छिद्र आधारावर पेशी वाढवता येतात, छिद्रांतून माध्यम वाहतं ठेवायचं. २०२५ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या गटाने हजाराहून जास्त पोकळ तंतूंची जाळी वापरून कोंबडीच्या स्नायूचा १० ग्रॅमहून मोठा अखंड तुकडा वाढवून दाखवला. तंतू रक्तवाहिन्यांचं काम करतात. पण तो तुकडा खाण्याआधी ते तंतू एकेक ओढून काढावे लागतात. खाण्याजोगे तंतू येईपर्यंत स्टेकला मी बाजाराच्या हिशेबात धरत नाही.

चरबी मात्र आत्ताच परवडण्याच्या जवळ आहे. चवीचा मोठा हिस्सा चरबीत असतो, ती ८-१० टक्के घातली तरी फरक कळतो, आणि चरबीला तंतूंची दिशा लागत नाही. मिशन बार्न्सच्या डुकराच्या चरबीला २०२५ मध्ये अमेरिकेत एफडीए या अन्न-औषध नियामकाकडून वाट मोकळी झाली, ते मला अखंड तुकड्याच्या कुठल्याही बातमीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

कणीकोंडा

मग पर्यावरणाचं काय? एक अभ्यास म्हणतो हरितगृह वायू गोमांसापेक्षा कितीतरी कमी, दुसरा म्हणतो पंचवीस पट जास्त.

आम्लारि

दोन्ही आकडे आपापल्या गृहीतकांत बरोबर आहेत. सीई डेल्फ्ट या डच सल्लागार संस्थेच्या अभ्यासात खाद्यदर्जाचं माध्यम आणि अपारंपरिक वीज धरली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेच्या २०२३ च्या मांडणीत माध्यमाचे घटक औषधासारखे, एंडोटॉक्सिन (जंतूंच्या आवरणातलं विष) काढून शुद्ध केले असं धरलं आहे, त्यातून ४ ते २५ पट निघतात. म्हणजे वाद मुळात घटकांच्या शुद्धतेचा आहे. पेशींना किती शुद्धता खरंच लागते हे प्रत्येक पेशीवंशासाठी वेगळं तपासावं लागतं. किमतीतही हेच. रसायन अभियंते डेव्हिड हंबर्ड यांनी २०२१ मध्ये मोठ्या कारखान्याचा हिशेब मांडला आणि साध्या पद्धतीने किलोला ३७ डॉलर, परफ्यूजनने ५१ डॉलर काढले, तेही नुसत्या पेशीलगद्याचे. त्याच वर्षी सीई डेल्फ्टने २०३० साठी ६ डॉलरच्या थोडं वर काढले. कुठलाही आकडा पुढे करताना माध्यमाचा धरलेला दर सोबत लिहावा, ही सगळ्यांना विनंती.

मोजपट्टी

परफ्यूजन महाग निघालं हे नवख्यांना चकित करेल, कारण त्यात घनता कितीतरी जास्त मिळते. पण त्यात पेशी अडवून जुनं माध्यम सतत बाहेर काढतात, त्यामुळे लिटरमागे ग्रॅम वाढले तरी ते टाकीच्या लिटरमागे. ओतलेल्या माध्यमाच्या लिटरमागे फारसा फरक पडत नाही, आणि गाळणीची यंत्रणा वर येते. माझ्या पहिल्या प्रतिसादात ‘लिटर’ म्हणजे ओतलेलं माध्यम असं वाचावं.

आता फळीवरच्या मालाकडे. मे २०२४ मध्ये सिंगापूरच्या एका मांसविक्री दुकानात गुड मीटचं १२० ग्रॅमचं पाकीट विक्रीला आलं. त्यात संवर्धित पेशी ३ टक्के, बाकी मुख्यतः वनस्पतीची प्रथिनं. हिशेब करा: ३.६ ग्रॅम पेशी, म्हणजे १२० कोटी. मिलिलिटरला १ कोटीने १२० मिली माध्यम. हेच पाकीट ५० टक्क्यांचं करायचं तर ६० ग्रॅम पेशी आणि २ लिटर माध्यम. आज असे मिश्र पदार्थ का येताहेत आणि टक्केवारी हळूहळूच का वाढेल, ते यात दिसतं. विकत घेणाऱ्याने वेष्टनावर पहिली ही टक्केवारी शोधावी.

रवीदोर

हिशेबात एक भर. काढणीच्या सेंट्रिफ्यूजमधून वरच्या पाण्याबरोबर पेशी निसटतात, आणि मिठाच्या पाण्याने दोनदा धुताना आणखी जातात. फिरवण्याचा जोर वाढवला तर निसटणं कमी होतं, पण पेशी फुटतात आणि लगदा चिकट होऊन पुढे पंपात अडकतो. धुतलेल्या पाण्याचा नमुना दर खेपेला मोजून जितक्या टक्के पेशी गेल्या तितकं माध्यम वरच्या २ लिटरांत वाढवून धरा.

मोजपट्टी

मान्य. नवा हिशेब करताना घट वेगळ्या ओळीत दाखवतो. तुमच्याकडे स्नायूपेशी आणि फायब्रोब्लास्ट यांची घट वेगवेगळी मोजलेली असेल तर त्या ओळीत दोन रकाने करू.